चारही चाकं रेषेबाहेर!

२ जुलै २०२३, रविवार. ऑस्ट्रियातल्या स्पीलबर्गजवळच्या रेड बुल रिंगवर फॉर्म्युला वनची शर्यत होती. आपल्याकडे ती संध्याकाळी साडेसहाला सुरू झाली आणि आठच्या सुमारास संपली. मॅक्स व्हर्स्टापेन पहिला, शार्ल लेक्लेर दुसरा, सर्जिओ पेरेझ तिसरा. चौथ्या जागेवर कार्लोस साइन्झ, सातव्यावर लुईस हॅमिल्टन. घरी बसून ही शर्यत पाहिली असेल, तर शॅम्पेनचे फवारे उडाल्यावर तुम्ही टीव्ही बंद केला असेल आणि ताटावर बसला असाल.

तुमचं जेवण झालं, मागची आवराआवर झाली, आणि मग रात्री निकाल बदलला. साइन्झ चौथ्यावरून सहावा झाला. हॅमिल्टन सातव्यावरून आठवा. लँडो नॉरिस पाचवा आला होता, तो चौथा झाला. एस्तेबान ओकॉनच्या वेळेत एकदम ३० सेकंद वाढवले गेले. शर्यत संपल्यानंतर एकूण आठ ड्रायव्हरांना शिक्षा झाली. यांनी कुणाला धडक दिली नव्हती, इंजिनात काही लबाडी केली नव्हती, पेट्रोलमध्ये काही मिसळलं नव्हतं. त्यांची चाकं ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा एका पांढऱ्या रेषेबाहेर गेली होती, एवढंच.

या प्रकाराला मोटर रेसिंगमध्ये ‘ट्रॅक लिमिट्स’ म्हणतात. रेसिंग न पाहणाऱ्याला यात भांडण्यासारखं काय आहे हे कळत नाही, आणि पाहणारा मात्र यावरून घरात भांडू शकतो. आपण दोघांनाही सोबत घेऊन जाऊ.

रेषा कुणाची?

क्रिकेटमध्ये सीमारेषेवर झेल घेताना क्षेत्ररक्षकाचा पाय दोरीला नुसता लागला, तरी सिक्स. कबड्डीत अंगाचा काही भाग मैदानाबाहेरच्या जमिनीला टेकला की खेळाडू बाद. रेसिंगमध्ये नियम त्या मानाने उदार आहे. ट्रॅकच्या दोन्ही कडांना पांढऱ्या रेषा असतात आणि त्या रेषा ट्रॅकचाच भाग मानल्या जातात. गाडीचा थोडासा जरी भाग ट्रॅकला टेकलेला असेल, म्हणजे एखादं चाक रेषेवर असेल, तरी गाडी आत. चारही चाकं बाहेर गेली तरच गुन्हा. रेषेच्या पलीकडे जो लाल-पांढरा, थोडा उंच कठडा दिसतो, तो कर्ब. टीव्हीवर तो ट्रॅकचाच भाग वाटतो, पण नियमानुसार तो बाहेरचा आहे.

पात्रता फेरीत बाहेर गेलात तर त्या फेरीची वेळ रद्द होते. शर्यतीत थोडी सवलत असते. तिसऱ्यांदा बाहेर गेल्यावर तिरका अर्धा काळा, अर्धा पांढरा झेंडा दाखवतात. ती ताकीद. चौथ्यांदा ५ सेकंदांची शिक्षा, पुढच्या वेळी १० सेकंदांची. काही कारणाने बाहेर जावं लागलं, म्हणजे समोरच्याने ढकललं किंवा अपघात टाळायचा होता, तर माफी मिळते.

पण मुळात बाहेर जायचं कशाला? रस्त्यावर रिक्षावाला वळण कसं घेतो ते आठवा. वळणाआधी बाहेरच्या बाजूला सरकतो, मग आतल्या कोपऱ्याला चिकटतो आणि निघताना पुन्हा बाहेर जातो. वळण जितकं मोठं, तितका कमी ब्रेक आणि तितका लवकर ॲक्सिलरेटर. रेसिंगमध्येही हेच गणित आहे. वळणातून निघताना रेषेबाहेरची दीड-दोन मीटर जागा मिळाली, तर वळण तेवढं मोठं होतं, वेग जास्त ठेवता येतो आणि तोच वेग पुढच्या सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत सोबत राहतो. एका वळणावर सेकंदाचा दहावा भाग वाचला तरी ७१ फेऱ्यांत तो सात सेकंदांवर जातो. वरच्या जागा कधीकधी दोन-तीन सेकंदांच्या फरकाने ठरतात.

आणि यात ड्रायव्हरची बाजूही आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीत तो जवळजवळ झोपलेला असतो, नजर जमिनीपासून फार वर नसते. पुढची चाकं दिसतात, मागची दिसत नाहीत. रेड बुल रिंगची शेवटची दोन वळणं, नववं आणि दहावं, उताराची आणि वेगाची आहेत. अशा ठिकाणी रेषेचं माप सेंटिमीटरमध्ये आणि गाडीचा वेग ताशी दोनशेच्या घरात.

बाराशे तक्रारी, चार माणसं

त्या दिवशी शर्यतीच्या नियंत्रण कक्षाकडे ‘गाडी बाहेर गेली असावी’ अशा बाराशेहून जास्त नोंदी आल्या. वीस गाड्या, प्रत्येकी ७१ फेऱ्या, म्हणजे सगळ्या मिळून चौदाशेच्या आसपास फेऱ्या. जवळजवळ प्रत्येक फेरीला एक संशय. सुमारे ८५ मिनिटांच्या शर्यतीत दर चार-सव्वाचार सेकंदांना एक नोंद. हे तपासायला माणसं होती चार.

शर्यत सुरू असताना जेवढं तपासता आलं तेवढं तपासलं, काही जणांना तेव्हाच शिक्षा दिल्या. बाकीचं राहून गेलं. शर्यत संपल्यावर ॲस्टन मार्टिन संघाने अधिकृत आक्षेप नोंदवला की अनेकांना द्यायला हव्या होत्या त्या शिक्षा दिलेल्याच नाहीत. आक्षेप खरा निघाला. रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं, मोजदाद केली आणि निकालाची उलथापालथ झाली. ॲस्टन मार्टिनचा फर्नांडो अलोन्सो सहाव्यावरून पाचवा झाला, लान्स स्ट्रोल दहाव्यावरून नववा. साइन्झचे १२ गुण होते, ८ उरले. हे गुण शोभेचे नसतात. वर्षाअखेरीस संघांना बक्षिसाचा वाटा मिळतो तो गुणतालिकेतल्या क्रमाप्रमाणे, आणि त्यावर शेकडो माणसांची कामं चालतात.

आता ॲस्टन मार्टिनचं चुकलं का? मला तरी तसं वाटत नाही. नियम होता, तो मोडला गेला होता, त्यांच्या ड्रायव्हरांनी तो इतरांपेक्षा जास्त पाळला होता. रेषेच्या आत राहणारा माणूस प्रत्येक फेरीत थोडा थोडा वेळ गमावत असतो. बाहेर जाणाऱ्याला शिक्षा झाली नाही, तर तो पाळणारा मूर्ख ठरतो. पण प्रेक्षकाचंही चुकत नाही. त्याने डोळ्यांनी एक शर्यत पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दुसरीच वाचली.

त्या शनिवार-रविवारची गंमत अशी, की इशारा आधीच मिळाला होता. शुक्रवारच्या पात्रता फेरीत ४७ फेऱ्यांच्या वेळा रद्द झाल्या होत्या. पेरेझच्या दुसऱ्या टप्प्यातल्या सगळ्याच वेळा पुसल्या गेल्या आणि सर्वांत वेगवान गाडीत बसून तो पंधरावा आला.

पूर्वी काय होतं? ‘बघू तसं’

तुम्ही म्हणाल, एवढा कडकपणा आणलाच कशाला? त्यासाठी दोन वर्षं मागे, २८ मार्च २०२१ला बहारीनमध्ये जावं लागेल. तेव्हा कुठल्या वळणावर रेषा मोजायची आणि कुठल्या नाही, हे शर्यतीगणिक ठरायचं. बहारीनच्या चौथ्या वळणावर शर्यतीत फेरीच्या वेळेसाठी रेषा पाहिली जाणार नाही, असं आधी लिहून दिलेलं होतं. हॅमिल्टन शर्यतीत तिथून २९ वेळा रुंद गेला. इतरांच्या ते लक्षात आल्यावर तेही जायला लागले. मग मध्येच नियंत्रण कक्षाने संघांना सांगितलं की आता पुरे.

शेवटाकडे, ५६ पैकी ५३व्या फेरीत, व्हर्स्टापेनने त्याच वळणावर हॅमिल्टनला मागे टाकलं. पण ओव्हरटेक करताना त्याची गाडी रेषेबाहेर होती. बाहेर जाऊन जागा मिळवणं हे मात्र सुरुवातीपासून मना होतं, म्हणून त्याने जागा परत दिली. हॅमिल्टन ०.७४५ सेकंदांनी जिंकला. नियमाच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी बसत होत्या. घरी बसलेल्या माणसाला मात्र दिसलं ते एवढंच, की एक जण २९ वेळा बाहेर गेला आणि जिंकला, दुसरा एकदा गेला आणि हरला. हे समजावून सांगायला जाल तर समोरचा तुमच्याकडे संशयाने बघेल.

म्हणून २०२२पासून भेद मिटवला गेला. सगळ्या ट्रॅकवर, सगळ्या वळणांवर एकच पांढरी रेषा. नियम स्वच्छ झाला, सगळ्यांना सारखा झाला. आणि दीड वर्षात त्या स्वच्छ नियमाच्या पोटातून बाराशे नोंदी बाहेर आल्या. सारखेपणा हवा असेल तर प्रत्येक वेळी पाहावं लागतं, आणि प्रत्येक वेळी पाहायचं तर डोळे लागतात. हा हिशेब कुणी आधी केला नव्हता.

तशी ही भांडणं जुनी आहेत. १९८९ साली जपानच्या सुझुकामध्ये आयर्टन सेना आणि अलँ प्रॉस्ट एका वळणावर एकमेकांत अडकले. प्रॉस्ट गाडीतून उतरला. सेनाची गाडी ढकलून सुरू झाली आणि तो वळण न घेता बाजूच्या सुटकेच्या रस्त्याने ट्रॅकवर आला, पुढे शर्यतही जिंकला. वळण गाळलं म्हणून त्याला बाद केलं आणि विश्वविजेतेपद प्रॉस्टकडे गेलं. या निर्णयावर लोक अजून बोलतात.

भिंत असेल तिथे पंच लागत नाही

मोनॅकोच्या शर्यतीत ट्रॅक लिमिट्सचा गोंधळ जवळजवळ होत नाही. कारण बहुतेक ठिकाणी रेषेच्या पलीकडे लगेच लोखंडी कठडा आहे. बाहेर गेलात की शर्यत संपली. कुणी मोजत नाही, कुणी आक्षेप घेत नाही, निकाल रात्री बदलत नाही. कठड्याइतका निःपक्षपाती पंच जगात नाही.

मग सगळीकडे भिंतीच का बांधत नाहीत? कारण मोनॅकोचा वेग इतर ट्रॅकच्या मानाने बराच कमी आहे. ताशी अडीचशे-तीनशेच्या वळणावर भिंत म्हणजे थेट मरण. १९९४मध्ये इमोला इथे एकाच शनिवार-रविवारी रोलंड रॅट्झेनबर्गर आणि सेना, दोघेही भिंतीवर आदळून गेले. त्यानंतर ट्रॅक बदलले, वळणं बदलली, भिंती मागे सरकल्या आणि मधली मोकळी जागा वाढली.

त्या मोकळ्या जागेत काय घालायचं, हा खरा प्रश्न. पूर्वी खडी असायची, गोल गोट्यांचा खोल थर. गाडी त्यात गेली की चाकं रुततात, वेग मरतो. रेषेची राखणही आपोआप होते, कारण खडीत जायला कुणालाच नको असतं. पण खडीला स्वतःचे दोष आहेत. गाडी सरळ घसरत आली तर ठीक. आडवी किंवा उसळत आली, तर चाकं रुतण्याऐवजी कडेने अडकतात आणि गाडी कोलांट्या खाते. २०१६ साली मेलबर्नमध्ये अलोन्सोची गाडी अशीच खडीत गडगडत गेली होती. तो चालत बाहेर आला, हे नशीब आणि गाडीची बांधणी. २०२२ला सिल्व्हरस्टोनमध्ये झोऊ ग्वान्यूची उलटी झालेली गाडी डांबरावरून घसरत गेली, खडी ओलांडली आणि टायरांची भिंत पार करून जाळीत जाऊन अडकली. डोक्यावरच्या ‘हेलो’ नावाच्या कमानीने त्याला वाचवलं.

दुसरा दोष लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. खडीत रुतलेली गाडी स्वतःहून निघत नाही. ती काढायला माणसं आणि क्रेन आत जातात, आणि तेव्हा बाकीच्या गाड्या ट्रॅकवर असतात. ५ ऑक्टोबर २०१४ला सुझुकात पावसात आदळलेली एक गाडी क्रेन उचलत होती. त्याच ठिकाणी ज्यूल्स बियांचीची गाडी घसरली आणि क्रेनवर आपटली. नऊ महिन्यांनी, १७ जुलै २०१५ला, तो गेला. वय २५. ट्रॅकच्या कडेला थांबलेली प्रत्येक गाडी म्हणजे पुढच्या अपघाताची शक्यता, हे त्या दिवसानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणून अनेक ट्रॅकवर खडीच्या जागी डांबर आलं. डांबरावर ब्रेक लागतात, गाडी सावरता येते, चूक झालेला ड्रायव्हर परत येऊ शकतो. सुरक्षिततेचा विचार केला तर हा बदल चांगलाच होता. पण मोकळ्या डांबराला कुणीच घाबरत नाही. जिथे चूक महाग होती तिथे ती फुकट झाली, आणि फुकट झाल्यावर ती चूक राहिलीच नाही, डावपेच झाली. स्पीलबर्गच्या बाराशे नोंदींचं मूळ इथे आहे.

कर्बचा उपाय, आणि त्याने मोडलेल्या पाठी

यावर एक सोपा वाटणारा उपाय निघाला: रेषेबाहेर उंच कर्ब बसवायचा. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा, जो वरून गेला त्याला दणका. रेसिंगमधल्या लोकांनी त्याच्या लांबट, फुगीर आकारावरून त्याला ‘सॉसेज कर्ब’ असं नाव दिलं.

आपल्या देशात तो अनेकांनी पाहिलेला आहे. ३० ऑक्टोबर २०११ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. पात्रता फेरीत फेरारीचा फेलिपे मासा वळणाच्या आतल्या बाजूच्या नारिंगी कर्बवरून गेला आणि पुढचं सस्पेन्शन मोडलं. दुसऱ्या दिवशी शर्यतीत पुन्हा कर्बवर गेला, पुन्हा सस्पेन्शन मोडलं आणि घरी गेला. तेव्हा सगळे हसले. एकच चूक दोनदा करणारा फेरारीचा ड्रायव्हर म्हणून थट्टाही झाली. कर्बने आपलं काम चोख केलं, असंच वाटलं.

पण दणका नेहमी सस्पेन्शनलाच बसतो असं नाही. सप्टेंबर २०१९मध्ये मोन्झाला फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत ॲलेक्स पेरोनीची गाडी अशा कर्बवरून हवेत उडाली, गिरक्या घेत कडेच्या अडथळ्यावर जाऊन पडली. त्याच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. २०२१ला अमेरिकेत ऑस्टिनला महिलांच्या डब्ल्यू सिरीजमध्ये ॲबी ईटनची गाडी कर्बवर आपटली, तिच्याही पाठीच्या कण्याला इजा झाली. २०२२ला सिल्व्हरस्टोनमध्ये फॉर्म्युला टूच्या शर्यतीत डेनिस हॉगरची गाडी कर्बवरून उसळून थेट रॉय निसानीच्या गाडीवर, त्याच्या डोक्यापाशी येऊन आदळली. तिथेही हेलोच मध्ये आला. हॉगरला कर्ब ओलांडून फायदा घ्यायचा नव्हता. त्याची गाडी ताब्यात नव्हती. कर्बला ते कसं कळणार? लबाडी करणारा आणि संकटात सापडलेला, दोघेही त्याला सारखेच.

कर्बने टायरही मोडतात. ऑक्टोबर २०२३मध्ये कतारच्या शर्यतीआधी टायर तपासले, तेव्हा वेगवान वळणांवरच्या टोकदार कर्बमुळे टायरच्या आतले थर सुटायला लागल्याचं दिसलं. मग ऐन शर्यतीच्या शनिवार-रविवारी दोन गोष्टी झाल्या. बाराव्या-तेराव्या वळणाजवळची पांढरी रेषा ८० सेंटिमीटर आत रंगवली, गाड्या कर्बपर्यंत पोहोचू नयेत म्हणून. आणि एका टायरच्या जोडावर जास्तीत जास्त १८ फेऱ्यांची मर्यादा घातली. त्याच आठवड्याच्या पात्रता फेरीत नॉरिस दुसरा येत होता. रेषेबाहेर गेला म्हणून वेळ गेली आणि तो दहावा झाला.

खडी अन्यायसुद्धा करते

स्पीलबर्गच्या गोंधळानंतर बहुतेक चाहत्यांचं मत एकच होतं: खडी परत आणा. माझंही मत तिकडे झुकतं, पण एक आठवण मध्ये येते, आणि तीही याच ट्रॅकची. जुलै २०२१, चौथं वळण, बाहेर खडी. पेरेझ बाहेरच्या बाजूने नॉरिसला मागे टाकायला गेला, आतून नॉरिसने जागाच ठेवली नाही. पेरेझ खडीत गेला आणि तिसऱ्यावरून दहाव्या जागेवर आला. नॉरिसला ५ सेकंदांची शिक्षा झाली. पुढे त्याच शर्यतीत पेरेझने लेक्लेरला दोनदा तसंच बाहेर ढकललं, त्यालाही दोनदा ५-५ सेकंद. म्हणजे खडी असली तरी पंच लागलेच. खडी बाहेर गेलेल्याला शिक्षा करते, बाहेर घालवणाऱ्याला नाही. डांबर असतं, तर ढकललेला माणूस निदान तेवढा मागे पडला नसता.

शिवाय तिथे मोटरसायकलींच्या शर्यतीही होतात. कारच्या चाकाखाली दोन मीटर खडी आली तर ड्रायव्हर वेळ गमावतो. त्याच खडीवर झुकलेली बाइक गेली तर स्वार खाली. बाइकला कडेला थोडं डांबर आणि त्यापुढे खडी असं हवं असतं. म्हणूनच स्पीलबर्गची व्यवस्था बदलणं एफआयए या जागतिक संघटनेलाही सरळ काम वाटत नव्हतं. २०२३च्या त्या निकालानंतर तिने नवव्या-दहाव्या वळणावर खडी टाकण्याची शिफारस पुन्हा केली, तेव्हा इतर शर्यतींची अडचण तिनेही कबूल केली होती.

बाइकच्या जगात म्हणजे मोटोजीपीत मात्र एक गोष्ट मला कारवाल्यांपेक्षा शहाणपणाची वाटते. तिथे कर्बच्या पलीकडचा पट्टा हिरवा रंगवलेला असतो. ठरावीक वेळा त्यावर गेलात तर ‘लाँग लॅप’ची शिक्षा: शर्यत चालू असतानाच ट्रॅकच्या बाहेरून आखलेल्या एका लांबच्या वाटेने एकदा जाऊन यायचं. दोन-तीन सेकंद जातात, एखाद-दोन जागा जातात, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जातात. घरी बसलेल्या आजीलाही कळतं की याला काहीतरी शिक्षा झाली. शेवटच्या फेरीत हिरव्यावर गेलात, तर एक जागा खाली. जून २०२३ला नेदरलँड्समधल्या असेनला ब्रॅड बाइंडरची तिसरी जागा अशीच गेली. हळहळ वाटली, पण निकाल काही मिनिटांत लागला. कारमध्ये ५ सेकंद मिळाले, तर ते पिट स्टॉपच्या वेळी भरायचे किंवा शेवटच्या वेळेत मिळवायचे. तोवर पडद्यावर दिसणारा क्रम खोटा असतो.

मशीनचे डोळे

२०२३च्या त्या मोसमातच तपासणारी माणसं वाढवली गेली. कतारपर्यंत चारांची आठ झाली होती. तिथे सुमारे ८२० प्रसंग तपासले, त्यातले १४१ नियंत्रण कक्षाकडे गेले आणि ५१ फेऱ्या रद्द झाल्या. वर्षाच्या शेवटी अबू धाबीत संगणकाच्या नजरेची चाचणी झाली. कॅमेऱ्याच्या चित्रात गाडीचा किती भाग रेषेपलीकडे आहे, हे सॉफ्टवेअर मोजतं. उघड उघड आत असलेल्या गाड्या ते बाजूला काढतं आणि संशयाच्या मोजक्याच माणसांसमोर ठेवतं. जिनिव्हातल्या दूरच्या केंद्रात बसून लोक त्या पाहतात. निर्णय माणसाचा, चाळणी मशीनची.

क्रिकेटमध्ये पायचीतसाठी चेंडूचा मार्ग दाखवायला लागले तेव्हा आपल्याकडेही किती कुरकुर झाली होती! आता कुणी अंपायरच्या बोटावर विसंबून राहत नाही. पण ‘गाडी बाहेर गेली का’ एवढंच मशीन सांगू शकतं. ‘का गेली’ हे त्याला विचारून उपयोग नाही. २०१९ला कॅनडात पुढे असलेला सेबॅस्टियन व्हेटेल चौथ्या वळणापाशी गवतावर गेला, गाडी सावरत ट्रॅकवर परत आला, तेव्हा मागून आलेल्या हॅमिल्टनला भिंतीजवळ ब्रेक दाबावे लागले. धोकादायक रीतीने परतला म्हणून व्हेटेलला ५ सेकंद. रेषेवर पहिला तोच पोहोचला, पण विजेता हॅमिल्टन ठरला. रागावलेल्या व्हेटेलने गाड्यांपुढचे १ आणि २ आकड्यांचे फलक जाऊन अदलाबदल केले. गवतावरून घसरणाऱ्या गाडीला दुसरीकडे वळवता आलं असतं का, हा प्रश्न पिक्सेल मोजून सुटणारा नाही. माझ्या मते ती शिक्षा कडक होती. पण तेव्हा मागे हॅमिल्टनऐवजी जरा कमी सावध ड्रायव्हर असता तर मी हेच म्हटलं असतं का, सांगता येत नाही.

पुन्हा स्पीलबर्ग

२०२४च्या उन्हाळ्यात फॉर्म्युला वन पुन्हा रेड बुल रिंगवर आली, तेव्हा नवव्या आणि दहाव्या वळणाबाहेर खडीचा अरुंद पट्टा टाकलेला होता. कल्पना साधी आहे. तेव्हाच्या गाडीची रुंदी दोन मीटर. रेषा आणि खडी यांच्यातलं अंतर त्याहून कमी ठेवलं, तर चारही चाकं रेषेबाहेर जाईपर्यंत बाहेरचं चाक खडीत गेलेलंच असतं. वेळ तिथेच जातो, खेळ तिथेच मिटतो. पट्टा अरुंद असल्याने गाडी रुतून बसत नाही, म्हणजे क्रेनही बोलवावी लागत नाही. त्या दोन वळणांवरच्या नोंदी झपाट्याने कमी झाल्या.

तेवढ्याने सगळं मिटलं का? पात्रता फेरीत मॅक्लारेनचा ऑस्कर पियास्त्री तिसरा आला. मग सहाव्या वळणावर रेषेबाहेर गेल्याची नोंद निघाली आणि ती फेरी रद्द झाली. काही सेंटिमीटरचा फरक होता. तो खडीत गेला नव्हता, पण रेषा त्याने ओलांडली होती. पियास्त्री उघडपणे चिडला, संघाने आक्षेप घेतला, तो फेटाळला गेला. तिसऱ्याऐवजी तो सातव्या जागेवरून सुटला. रविवारी पुढचे दोघे, व्हर्स्टापेन आणि नॉरिस, शेवटाकडे एकमेकांना धडकले आणि जॉर्ज रसेल पहिला आला. सातव्यावरून निघालेला पियास्त्री दुसरा पोहोचला, रसेलच्या मागे दोन सेकंदांपेक्षा कमी अंतराने.